ग्रंथालयात माहितीपट आणि चर्चा: परवानगीच्या अर्जापासून खुर्च्या आवरेपर्यंत

चाळीस-पन्नास माणसांना ग्रंथालयाच्या सभागृहात एक माहितीपट दाखवायचा आणि मग तासभर त्यावर बोलायचे. काम ऐकायला सोपे आहे, तरी पहिल्यांदा करणाऱ्यांची दमछाक होते. हक्कांची परवानगी शेवटच्या आठवड्यात आठवते, लॅपटॉपचा आवाज स्पीकरमधून येत नाही, आणि दिवे लागताच अर्धी माणसे चपला शोधू लागतात. हा लेख पुण्यात असा कार्यक्रम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी आहे. हाताशी आठ आठवडे ठेवा. सहा आठवड्यांत जमते, चार आठवड्यांत बहुतेक वेळा परवानगीवर अडते.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका: कार्यक्रम चर्चेचा आहे. माहितीपट, खोली, वेळ आणि खुर्च्यांची मांडणी हे सगळे चर्चेला काय सोयीचे पडेल ते पाहूनच ठरवायचे.

१. आधी ग्रंथालय, मग माहितीपट

नवखे लोक उलटे करतात. माहितीपट ठरवतात, निर्मात्याला तारीख कळवतात आणि मग जागा शोधत फिरतात. आधी ग्रंथपालांना भेटा.

पुण्यातली सार्वजनिक ग्रंथालये एकाच प्रकारची नाहीत. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, नारायण पेठेतले पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचे. अशी जुनी ग्रंथालये संस्था म्हणून चालतात, त्यांना कार्यकारी मंडळ असते आणि सभागृह द्यायचा निर्णय मंडळाच्या बैठकीत होतो. विश्रामबागवाड्यातले विभागीय ग्रंथालय शासकीय आहे, तिथे परवानगी कार्यालयीन पत्रव्यवहारानेच मिळते. महापालिकेच्या वाचनालयात गेलात, तर तिथल्या सेवकाच्या तोंडी होकारावर विसंबू नका. महापालिकेच्या कोणत्या कार्यालयात अर्ज करायचा ते त्यांच्याकडूनच विचारून घ्या. शेजारच्या छोट्या शासनमान्य ग्रंथालयालाही कमी लेखू नका. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयातही पंचवीस माणसांची उत्तम चर्चा होते. आपल्या परिसरात असा कार्यक्रम झाला तर तो मंडळाला हवाच असतो.

मंडळाची बैठक बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा होते. ती तारीख विचारा आणि अर्ज तिच्या आधी आठवडाभर द्या. एक बैठक हुकली की महिना गेला.

अर्जासोबत लागणारी कागदपत्रे:

- कार्यवाह किंवा अध्यक्षांच्या नावे विनंतीपत्र, दोन प्रती (एकीवर पोच घ्या)
- माहितीपटाची अर्ध्या पानाची माहिती: विषय, लांबी, भाषा, वर्ष, दिग्दर्शक, निर्माता
- हक्कदाराचे परवानगीपत्र (अर्ज देताना हाती नसेल, तर ते कधी देणार ते लिहा)
- चित्रपट प्रमाणपत्राची प्रत
- जबाबदार व्यक्तीचे ओळखपत्र आणि संस्थेतर्फे करत असाल तर संस्थेचे पत्र
- बाहेरून आणायच्या सामानाची यादी आणि ते विजेवर किती भार टाकेल त्याचा अंदाज
- प्रवेश विनामूल्य आहे, खुर्च्या आम्हीच मांडू आणि आवरू, असे हमीपत्र

विषय वादाचा असेल तर तो अर्जात स्पष्ट लिहा. धरण, विस्थापन, जात, दंगल हे शब्द टाळून ‘सामाजिक विषय’ असे मोघम लिहिले, तर फलक लागल्यावर मंडळातल्या कुणीतरी फोन करून कार्यक्रम थांबवतो, आणि तेव्हा बाजू त्याचीच खरी असते. आधी सांगितलेल्या गोष्टीच्या पाठीशी मंडळ उभे राहते.

पहिल्याच भेटीत अभ्यासिकेची चौकशी करा. पेठांमधल्या कितीतरी ग्रंथालयांत स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी रात्री उशिरापर्यंत अभ्यासाला बसलेले असतात आणि सभागृह नेमके त्यांच्या भिंतीला भिंत लावून असते. स्पीकरचा आवाज पलीकडे गेला की तक्रार येते, आणि ती रास्त असते. शेजारी किंवा वरच्या मजल्यावर अभ्यासिका असेल तर दुसरी वेळ शोधा, नाहीतर दुसरे ग्रंथालय.

२. माहितीपट कसा निवडायचा

पहिल्या कार्यक्रमाला २५ ते ५० मिनिटांचा घ्या. नव्वद मिनिटांच्या माहितीपटानंतर चर्चेला बसायची ताकद फार थोड्यांत उरते. दोन छोटे माहितीपट जोडून दाखवण्याचा मोह टाळा. चर्चा त्यांतल्या एकावरच होते आणि दुसऱ्याचा दिग्दर्शक उगाच बसून राहतो.

निवड करणाऱ्या प्रत्येकाने तो पहिल्यापासून शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत पाहिलेला हवा. झलक पाहून ठरवलेल्या माहितीपटात विसाव्या मिनिटाला काय येईल सांगता येत नाही, आणि पहिल्या रांगेत आजीसोबत आलेला नऊ वर्षांचा नातू बसलेला असतो.

कुठे शोधायचे? १९४८ साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचा साठा मोठा आहे. ते काम आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे, म्हणजे एनएफडीसीकडे आहे. त्यांतल्या अनेक माहितीपटांना वेगवेगळ्या भारतीय भाषांत निवेदन दिले होते, म्हणून मराठी आवृत्ती आहे का हे आवर्जून विचारा. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्यांच्या कलाकृती आहेत. आणि पुण्यात राहून स्वतंत्रपणे माहितीपट करणारे लोक आहेत. पहिल्या कार्यक्रमासाठी हेच सर्वांत चांगले, कारण दिग्दर्शक रिक्षाने येऊन चर्चेला बसू शकतो.

मराठी किंवा हिंदी नसलेला माहितीपट असेल तर मराठी उपशीर्षके हवीतच. इंग्रजी उपशीर्षके पुरतील असे गृहीत धरले, तर नियमित वर्तमानपत्र वाचायला येणारे ज्येष्ठ वाचक पुढच्या वेळी येत नाहीत.

३. हक्क आणि प्रमाणपत्र

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून सावकाश वाचा.

*हक्क.* ‘आपण तिकीट लावत नाही, म्हणून परवानगी नको’ हा समज चुकीचा आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे चित्रपट लोकांना दाखवण्याचा अधिकार हक्कदाराचा असतो, मग प्रवेश फुकट असो की पैशाने. शिक्षणसंस्थांना त्यांच्या विद्यार्थ्यांपुरती आणि शिक्षकांपुरती जी सवलत आहे, ती सार्वजनिक ग्रंथालयाच्या खुल्या कार्यक्रमाला लागू होत नाही.

यूट्यूबवर माहितीपट दिसतो म्हणून तो सभागृहात लावता येत नाही. तिथल्या सेवाशर्ती वैयक्तिक वापरापुरत्या आहेत, सार्वजनिक प्रदर्शनाला त्यांत स्पष्ट मनाई आहे. चॅनेल निर्मात्याचेच असेल तर त्याला पत्र लिहा. तो बहुधा आनंदाने होकार देईल आणि यूट्यूबपेक्षा चांगली फाइलही पाठवेल. नेटफ्लिक्सने आपल्या काही मोजक्या माहितीपटांना शैक्षणिक, विनामूल्य आणि एकवेळच्या प्रदर्शनाची मुभा दिली आहे. ती त्या माहितीपटाच्या पानावर लिहिलेली असते. लिहिलेली नसेल तर मुभा नाही.

हक्कदार कोण, हे नीट शोधा. दिग्दर्शकच हक्कदार असेल असे नाही. एखाद्या संस्थेने किंवा वाहिनीने पैसे देऊन करून घेतलेल्या माहितीपटाचे हक्क बहुधा तिच्याकडे असतात. विद्यार्थ्यांच्या कलाकृतींचे हक्क सहसा शिक्षणसंस्थेकडे असतात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे, पण संग्रहालयात प्रत असली म्हणजे दाखवायचा हक्कही तिथूनच मिळेल असे नाही.

जुन्या माहितीपटांबाबत: चित्रपटावरचा कॉपीराइट प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९६० साली प्रसिद्ध झालेल्याचा २०२० च्या अखेरीस संपला. मात्र तुमच्या हातातली प्रत नव्याने दुरुस्त केलेली, नवी उपशीर्षके किंवा नवे संगीत घातलेली असेल, तर ती देणाऱ्याच्या अटी वाचा.

परवानगीच्या पत्रात हे सगळे असू द्या: तारीख, स्थळ, अंदाजे प्रेक्षकसंख्या, प्रवेश विनामूल्य, एकच खेळ, चर्चेचे चित्रीकरण करणार की नाही, फलकासाठी माहितीपटातले छायाचित्र वापरू का, आणि कार्यक्रमानंतर फाइल पुसून टाकण्याची हमी. शेवटी ‘आपले प्रदर्शन शुल्क किती?’ असे सरळ विचारा. बजेट कमी असेल तर आकडा सांगा. ‘तुमची प्रसिद्धी होईल’ हे वाक्य लिहू नका. माहितीपट करणाऱ्याला त्याच्या कामाचे काहीतरी द्यायलाच हवे, रक्कम लहान असली तरी. उत्तर ई-मेलवर घ्या. फोनवरचा होकार सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही.

*प्रमाणपत्र.* सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ प्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपटाला प्रमाणपत्र लागते आणि माहितीपट त्यातून सुटलेला नाही. प्रमाणपत्र माहितीपटाच्या सुरुवातीलाच पडद्यावर येते, तरी कागदाची प्रत मागून घ्या. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ गटाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन उपगट झाले आहेत. प्रमाणपत्र जुने असेल तर नुसते ‘यूए’ दिसेल. ‘ए’ असेल तर अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, हे फलकावर आणि दारावर दोन्हीकडे लिहा.

अनेक स्वतंत्र माहितीपट प्रमाणपत्राशिवाय महोत्सवांतून फिरलेले असतात. ‘अमुक महोत्सवात दाखवला आहे’ म्हणून तो तुमच्याकडेही चालेल असे समजू नका. महोत्सवांना मिळणारी सूट त्या महोत्सवापुरती असते. फिल्म सोसायट्यांची व्यवस्थाही सभासदांपुरती असते, तिचा आधार खुल्या कार्यक्रमाला घेता येत नाही. पहिल्या कार्यक्रमाला प्रमाणपत्र असलेलाच माहितीपट घ्या.

एक बारीक गोष्ट राहून जाते: लोक जमेपर्यंत सिनेमाची गाणी लावू नका. त्यांचा परवाना वेगळा असतो. शांतता चालते, हे ग्रंथालय आहे.

४. तारीख आणि वेळ

गुरुवार टाळा. पुण्यात वीजवाहिन्यांच्या आणि पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीची कामे बहुधा गुरुवारी काढतात. गणेशोत्सवाचे दहा दिवस पेठांत कोणताही कार्यक्रम ठेवू नका, आधीच्या आठवड्यांत ढोल-ताशांचा सराव कुठे चालतो तेही पाहा. आषाढी वारीच्या पालख्या शहरात मुक्कामाला असताना मध्यवर्ती रस्ते बंद असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, तेव्हा घरेच्या घरे येत नाहीत.

शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ चांगली. पण उजेडाचा विचार करा. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मेअखेरीस सात वाजून गेलेले असतात. पश्चिमेला खिडक्या असलेल्या सभागृहात मे महिन्यात सहाला सुरू केलेला माहितीपट पहिला तासभर फिकटच दिसतो. उन्हाळ्यात साडेसातला सुरू करा किंवा काळे कापड लावा.

ग्रंथालयाच्या सुटीच्या दिवशी कार्यक्रम असेल तर सेवकाला जादा थांबावे लागते. त्याचा मोबदला किती, तो कुणी द्यायचा, हे आधी ठरवा.

५. खोली, पडदा, खुर्च्या

मोजपट्टी घेऊन जा. डोळ्यांच्या अंदाजाने खोली नेहमी मोठी वाटते.

समजा सभागृह २० फूट रुंद, ३० फूट लांब आहे. पडदा ८ फूट रुंद घेतला तर त्याची उंची साडेचार फूट. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटीच्या आत, म्हणजे २७ फुटांच्या आत हवी. उपशीर्षके वाचायची असतील तर पाचपटीतच, साधारण २२ फुटांत. पहिली रांग निदान ९ फुटांवर, नाहीतर मान दुखते. दोन रांगांत ३ फूट आणि दोन्ही बाजूंना ३-३ फुटांची वाट सोडली, तर आठ खुर्च्यांच्या पाच-सहा रांगा बसतात. प्रोजेक्टरची जागा वजा जाता छत्तीस ते चव्वेचाळीस माणसे. मंडळाने ‘आमच्याकडे शंभर बसतात’ म्हटले तरी ते व्याख्यानाचे झाले. व्याख्यान मागे बसून ऐकता येते, उपशीर्षके वाचता येत नाहीत.

पडद्याची खालची कड जमिनीपासून ४ फूट वर हवी. ती तीन फुटांवर आली की पुढच्याच्या डोक्याआड नेमक्या उपशीर्षकांच्या ओळी जातात. म्हणजे वरची कड साडेआठ फुटांवर. जुन्या वास्तूत छत कमी उंचीचे असते आणि मधोमध पंखा लटकत असतो. पंख्याची पाती प्रकाशझोतात आली तर पडद्यावर सतत सावली फडफडते. हे दुपारी कळत नाही, अंधार करून पंखा चालवला की कळते. तसे झाले तर प्रोजेक्टर खाली घ्या, पंख्यांच्या रेषेतून बाजूला सरकवा, किंवा तेवढा पंखा बंद ठेवून भिंतीवरचे लावा.

साध्या प्रोजेक्टरला पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागते: ८ फुटी पडद्यासाठी १२ फूट. म्हणजे तो खुर्च्यांच्या ऐन मध्यात येतो. त्याच्या पुढची जागा मोकळी ठेवा आणि वायर वाटेत आली तर पूर्ण लांबीवर चिकटपट्टी लावा. अंधारात पाय अडकून माणूस पडतो, आणि त्याच्यासोबत लॅपटॉपही.

सभागृह वरच्या मजल्यावर असून लिफ्ट नसेल तर फलकावर तसे लिहा. खाली जागा मिळत असेल तर वीस माणसांची खोलीसुद्धा चालेल. जिना चढता येत नाही म्हणून परत जाणारा माणूस बहुधा तिथला सर्वांत जुना वाचक असतो.

अंगणात कार्यक्रम करायचा विचार असेल तर ध्वनिक्षेपकासाठी स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी घ्या. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही.

६. सामान

- प्रोजेक्टर: पूर्ण अंधारात ३००० ल्युमेन पुरतात, थोडा उजेड राहत असेल तर ४००० च्या वर. भाड्याने घेताना ‘एएनएसआय ल्युमेन किती’ असेच विचारा, स्वस्त यंत्रांवरचे मोठे आकडे वेगळ्या मापाचे असतात. मूळ रेझोल्यूशन फुल एचडी हवे. कार्यालयांतला जुना प्रोजेक्टर ४:३ आकाराचा असतो, त्यावर चित्र वर-खाली काळ्या पट्ट्यांसह छोटे दिसते.
- पडदा ८ फुटी. भिंत पांढरी असली तरी तिच्यावर खिळे आणि ओल असते.
- एचडीएमआय केबल: एक ५ मीटरची, एक १० मीटरची. १० मीटरच्या पुढे साध्या केबलवर चित्र तुटते.
- लॅपटॉप दोन, दोन्हींवर फाइल
- स्पीकर दोन, स्टँडसह, बसलेल्यांच्या कानांपेक्षा थोडे वर
- कॉर्डलेस माइक दोन, नवे सेल, शिवाय एक जोडी राखीव
- एक्स्टेंशन बोर्ड तीन, चिकटपट्टी, बॅटरी
- लॅपटॉपमधून मिक्सरला जाणारी आवाजाची केबल
- प्रोजेक्टरसाठी यूपीएस

यूपीएसवर माहितीपट चालवायचा नाही. दिव्याचा प्रोजेक्टर चालू असताना वीज गेली की आतला पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा थंड होत नाही. यूपीएसमुळे प्रोजेक्टर व्यवस्थित बंद करायला पाच मिनिटे मिळतात.

७. फाइल आणि रंगीत तालीम

निर्मात्याकडून एमपी-फोर, एच-२६४, फुल एचडी अशी फाइल मागा. महोत्सवांतून फिरलेला माहितीपट डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहांतल्या यंत्रांसाठीच्या, स्वरूपात येऊ शकतो, तो साध्या लॅपटॉपवर चालणार नाही. इंटरनेटवरून थेट दाखवू नका, फाइल लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा, कारण फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. कॉपी करताना शेवटी चूक दाखवली की लोक पेनड्राइव्ह खराब आहे असे समजतात.

मराठी उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली हवी, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसतात. तिचे नाव आणि माहितीपटाच्या फाइलचे नाव अगदी एकसारखे ठेवा, म्हणजे व्हीएलसी (व्हिडिओ चालवणारे सॉफ्टवेअर) ती आपोआप उचलते. अक्षरे दिसली तरी जोडाक्षरे तपासा. ‘प्रश्न’, ‘कृष्णा’, ‘र्‍या’ असे शब्द असलेल्या ओळी शोधून पाहा आणि तुटत असतील तर व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये देवनागरी फॉन्ट निवडा. उपशीर्षके आवाजाच्या पुढे-मागे जात असतील तर कीबोर्डवरच्या ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी ती सरकवता येतात.

तालीम त्याच खोलीत, त्याच सामानावर, त्याच वेळी, शक्यतो एक दिवस आधी करा. नेहमी बिघडणाऱ्या गोष्टी अशा:

आवाज स्पीकरऐवजी प्रोजेक्टरमधून बारीकसा येतो. एचडीएमआय जोडली की लॅपटॉप आवाजही तिकडेच पाठवतो. ध्वनीच्या सेटिंगमध्ये हेडफोनचा मार्ग निवडा.

स्पीकरमधून ‘हूं’ असा सलग आवाज येतो. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबला तर दोष अर्थिंगचा आहे. साउंडवाल्याकडून डीआय बॉक्स (हा आवाज अडवणारी छोटी डबी) मागा किंवा लॅपटॉप पूर्ण चार्ज करून बॅटरीवर चालवा.

आवाज ऐकू येतो, पडदा मात्र काळा. ओटीटीवरचा माहितीपट जुन्या केबलवर किंवा व्हीजीएच्या जोडणीवर असा अडतो.

माइक शिट्टी मारतो. माइक धरलेला माणूस स्पीकरच्या पुढे उभा आहे, त्याला मागे आणा.

शेवटी लॅपटॉपचे स्लीप, स्क्रीनसेव्हर, अपडेट आणि व्हॉट्सॲप बंद करा. आवाजाची पातळी ठरल्यावर मिक्सरवर पेन्सिलने खूण करा. माणसांनी भरलेली खोली आवाज शोषून घेते, त्यामुळे त्या दिवशी खुणेपेक्षा किंचित वर न्यावे लागते.

८. निमंत्रण

फलकावर माहितीपटाची लांबी, भाषा, उपशीर्षकांची भाषा, प्रमाणपत्राचा गट आणि ‘चर्चेसह एकूण दोन तास’ हे लिहा. चर्चा आहे हे ठळक अक्षरात, म्हणजे लोक थांबायच्या तयारीने येतात. जवळचे मेट्रो स्थानक लिहा. पेठांत मंडई किंवा कसबा पेठ स्थानकावरून चालत येणे गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा सोपे आहे. सम-विषम तारखांचे पार्किंग असेल तर त्या दिवशी कोणती बाजू, तेही. व्हॉट्सॲपवर चित्र आणि खाली साधा मजकूर पाठवा, पीडीएफ कुणी उघडत नाही. दैनिकांच्या ‘आजचे कार्यक्रम’सारख्या सदरांसाठी चार दिवस आधी चार ओळी द्या. आणि ग्रंथालयाच्या देवघेव टेबलावर छापील पत्रक ठेवा, जुने वाचक तिथूनच येतात.

९. पुस्तकांचे टेबल

हा कार्यक्रम ग्रंथालयातच का, याचे उत्तर हे टेबल आहे. ग्रंथपालांना तीन आठवडे आधी विषय सांगा आणि दहा-पंधरा पुस्तके, जुने दिवाळी अंक, अहवाल, कात्रणे काढून द्यायची विनंती करा. माहितीपट नदीवर असेल तर मुळा-मुठेबद्दलचे, १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराबद्दलचे जे काही कपाटात असेल ते बाहेर येऊ द्या. टेबल दाराजवळ नको, तिथे गर्दी ढकलत पुढे जाते. पडद्याच्या बाजूला, चर्चेच्या वेळी सगळ्यांना दिसेल असे मांडा. शेजारी सभासदत्वाचे अर्ज ठेवा.

१०. चर्चा

चर्चा चालवणारा एकच माणूस असावा आणि तो विषयातला तज्ज्ञ नसला तर उत्तम. तज्ज्ञ स्वतः उत्तरे देऊ लागतो. त्याने माहितीपट दोनदा पाहिलेला हवा आणि चार-पाच प्रसंग मिनिटांसह लिहून ठेवलेले हवेत.

सुरुवातीचे प्रास्ताविक तीन मिनिटांचे. सत्कार, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन करायचेच असेल तर शेवटी करा. वीस मिनिटे औपचारिकता झाली की तेवढा वेळ चर्चेतूनच वजा होतो.

श्रेयनामावली पूर्ण जाऊ द्या. मग निम्मेच दिवे लावा आणि दीड-दोन मिनिटे काहीही बोलू नका. ही शांतता अवघड वाटते, पण माणसे तेवढ्यात आपले वाक्य जुळवतात. झगझगीत दिवे लावून ‘चहाची सोय बाहेर केली आहे’ असे जाहीर केले की कार्यक्रम संपला. चहा चर्चेनंतर ठेवा.

तेवढ्या वेळात दोन स्वयंसेवकांनी पुढच्या दोन रांगा वळवून अर्धवर्तुळ करावे. एकमेकांचे चेहरे दिसले की लोक दिग्दर्शकाला सोडून एकमेकांशी बोलू लागतात, आणि आपल्याला तेच हवे असते.

पहिला प्रश्न ‘कसा वाटला?’ असा विचारू नका. उत्तर ‘छान होता’ असे येते आणि पुढे रस्ता नसतो. ‘कोणता प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही?’ असे विचारा. प्रसंग प्रत्येकाकडे असतो, मत नसले तरी. तीन-चार प्रसंग जमले की मग ‘हा प्रसंग असा का दाखवला असेल?’, ‘कुणाचे म्हणणे यात आले नाही?’ याकडे वळा. हा शेवटचा प्रश्न माहितीपटावरच्या चर्चेत आलाच पाहिजे. कॅमेरा कुठेतरी उभा असतो आणि कुठेतरी नसतो, हे प्रेक्षकांना आपले आपण दिसते तेव्हा चर्चा खोलात जाते.

माइक कधीही बोलणाऱ्याच्या हातात पूर्ण देऊ नका, स्वयंसेवकाने धरावा. प्रत्येकाला दोन मिनिटे, हे आधीच सांगा. पुण्यात सभेला नियमित येणारे, अभ्यास असलेले ज्येष्ठ भरपूर आहेत, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखे असतेच. पण पहिला माइक त्यांच्याकडे गेला तर मागच्या रांगेतली मुले गप्प होतात. पहिले तीन हात जाणीवपूर्वक निवडा: एक तरुण, एक स्त्री, एक ज्याने आजवर कधी हात वर केलेला नाही असा. कुणाचे लांबले तर चर्चा चालवणाऱ्याने जवळ जाऊन ‘काका, तुमच्या यातल्या एका मुद्द्यावर बाकीच्यांना विचारू या का?’ असे म्हणावे. मुद्दा त्यांचाच राहतो आणि वेळ वाचतो.

उलट, प्रत्यक्ष पाहिलेले सांगणाऱ्याला घड्याळ दाखवू नका. पानशेतच्या वेळी शाळेत असलेली मुले आज सत्तरी ओलांडलेली आहेत. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते हे सांगणारा आवाज खोलीत असेल, तर दोन मिनिटांचा नियम बाजूला ठेवा, आणि परवानगी विचारून ते ध्वनिमुद्रित करा. ग्रंथालयाच्या संग्रहात ते राहायला हवे.

वाद पेटला तर दोघांनाही माहितीपटातल्या एखाद्या प्रसंगाकडे परत आणा: ‘तुम्ही म्हणता ते कुठे दिसले?’ वैयक्तिक शेरेबाजी मात्र पहिल्याच वाक्याला थांबवा, दुसऱ्याची वाट पाहू नका.

दिग्दर्शक उपस्थित असेल तर त्याला वीस मिनिटांनंतर बोलवा. तो आधी बोलला की लोक त्याचे म्हणणे खरे धरून मग तेच परत सांगतात. चर्चा जाहीर केलेल्या वेळेला संपवा, रंगलेली असली तरी. रंगलेले पुढे चहापाशी चालू राहते.

११. त्याच रात्री आणि पुढचे दोन दिवस

प्रोजेक्टर बंद केल्यावर त्याचा पंखा थांबेपर्यंत वायर काढू नका. खुर्च्या होत्या तशा लावा, कापड आणि चिकटपट्टी काढा, पुस्तके मोजून ग्रंथपालांच्या ताब्यात द्या. किल्ली कुणी कुणाला दिली ते लिहून ठेवा.

माहितीपटाची फाइल दोन्ही लॅपटॉपवरून आणि पेनड्राइव्हवरून पुसा आणि तसे निर्मात्याला कळवा. त्याच पत्रात किती माणसे आली, किती चर्चेला थांबली, कोणते तीन प्रश्न विचारले गेले ते लिहा. शुल्क त्याच आठवड्यात पाठवा. मंडळाला एक पानाचा अहवाल द्या, त्यात किती नवे सभासद अर्ज गेले हा आकडा असू द्या. पुढच्या कार्यक्रमाची तारीख त्याच पानावर मागा, म्हणजे ती मंडळाच्या येत्या बैठकीपुढे जाते.